मोडीचं तांबं

लोणावळ्यात राहून मी जहाजांचं काम करते हे सांगितलं की लोक आधी हसतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना तर बरीच वर्षं वाटत होतं की मी पवनेवरच्या बोटिंगचं बुकिंग बघते. माझं ऑफिस पुण्यात आहे. आठवड्यातून दोन दिवस लोकलनं जायचं, बाकीचे दिवस घरून. आमच्याकडे जहाज बांधत नाहीत. ते किती लांब, किती रुंद, काय वाहून नेणार, त्यात कुठलं इंजिन बसणार हे कागदावर ठरवतात. मग ते कागद गोदीकडे जातात.

त्यातलं माझं काम आणखी एका कोपऱ्यातलं. जहाज समुद्रात धूर सोडतं तो वेगळा. पण ते बांधायला लागणारं पोलाद, केबल, रंग, पाइप, व्हॉल्व्ह, हे सगळं कुठेतरी भट्टीतून निघालेलं असतं आणि तेव्हाच भरपूर कार्बन हवेत गेलेला असतो. तो किती, याचा अंदाज मी काढते. तोही जहाजाचं पहिलं रेखाटन चालू असतानाच. कारण एकदा सगळं ठरलं की मग काही बदलता येत नाही. अडचण अशी की त्या वेळी हातात काहीच नसतं. आधीच्या जहाजांवरून वजनं धरायची, छापील तक्त्यांतून आकडे घ्यायचे, पुरवठादारांना फॉर्म पाठवून विचारायचं, आणि या सगळ्याचा गुणाकार करून एक उत्तर द्यायचं. उत्तर दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत येतं. त्यामुळे ते फार खात्रीचं दिसतं.

मी सांगतेय ती गोष्ट एका मालवाहू जहाजाची. मालक परदेशातला होता आणि त्याची अट होती की पहिल्याच आराखड्याबरोबर हा कार्बनचा अंदाज हवा, पुरवठादारांच्या नावांनिशी. आमच्या ऑफिसात हे शिकलेली मी एकटीच. एक्केचाळीस वर्षांची होते. हाताखाली चार माणसं मिळावीत, आपली स्वतःची टीम असावी असं मला फार वाटत होतं आणि हे काम नीट झालं तर ती मिळेल असं ऑफिसातल्या आमच्या सरांनी सुचवलंही होतं. म्हणून तक्ता कसा अगदी पूर्ण हवा होता मला. रिकामा रकाना दिसला की मी अस्वस्थ व्हायचे.

गोदीनं आम्हाला नेहमीच्या पुरवठादारांची यादी पाठवली. त्यात व्हॉल्व्ह आणि पाइपांच्या जोडांखाली एक पत्ता नवलाख उंबऱ्याचा होता. मला गंमत वाटली. बाकीचे सगळे गुजरात, चेन्नई, कोरिया, आणि हे आमच्या तळेगावशेजारी. मी ठरवलं, याला नुसता ईमेल नको, जाऊनच येऊ.

गावाच्या कडेला, मोठ्या कंपन्यांची कुंपणं सुरू होण्याच्या जरा अलीकडे पत्र्याची एक शेड होती. आत तीन भट्ट्या. मालक साठीचे, अंगात बनियन आणि वर खाकी शर्ट उघडाच. गावात सगळे त्यांना आबा म्हणत, मीही तेच म्हटलं. त्यांनी तरुणपणी मुंबईला गोदीत ओतकाम केलं होतं आणि गावी येऊन स्वतःचं सुरू केलं होतं. समुद्राच्या पाण्याला टिकणारे गनमेटलचे व्हॉल्व्ह करायचे. तांबं, कथील आणि थोडं जस्त.

"तुमी लोनावळ्याहून आलाय व्हय?" ते म्हणाले. "आजवर कुणी बघाया आलं न्हाई. फोनवर रेट इचारत्यात, झालं."

त्यांनी मला धातू वितळवायची मूस भट्टीतून काढताना दाखवली. वितळलेल्या धातूवर हिरवट ज्योत नाचत होती. दोन कामगारांनी लांब दांड्याच्या पकडीनं मूस उचलली आणि वाळूच्या साच्यात धातू ओतला. कुणीही काही बोललं नाही, जणू बोललं असतं तर धार हलली असती. मी भट्टी कशावर चालते विचारलं. डिझेलवर, ते म्हणाले, आणि महिन्याला किती लागतं तेही लगेच सांगितलं. काही लपवलं नाही.

शेडच्या मागे एक ढीग होता. जुने व्हॉल्व्ह, फुटलेल्या पंख्यांचे तुकडे, आसाभोवती बसणारी झिजलेली बुशं, सगळ्यांवर हिरवा थर चढलेला.

"ह्ये समदं जुन्या जहाजांचं," आबा म्हणाले. "तोडल्याली जहाजं असत्यात नव्हं, त्यांची मोड. आमी नवं तांबं घेतच न्हाई म्हना की. ही मोड वितळवायची, कथील घालून बसवायची, की पुन्हा जहाजातच."

मी त्या ढिगाचा फोटो काढला. हिरवा रंग छान दिसत होता म्हणून.

हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो. जुन्या धातूतून केलेल्या वस्तूचा कार्बन खाणीतून काढलेल्या धातूपेक्षा कितीतरी कमी असतो, हे मला माहीत होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न होता. पण रीसायकल्ड म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एक प्रमाणपत्र यायचं, वर शिक्का, खाली सही. नवलाख उंबऱ्यातला तो ढीग यायचा नाही.

फॉर्म मी त्यांच्या सुनेला ईमेल केला. आबांचं लिहिण्याचं सगळं काम ती बघायची. तळेगावला बीकॉम केलेली, पंचविशीतली मुलगी. मी गेले त्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर लावून बसली होती आणि माझ्यापुढे चहा ठेवताना म्हणाली होती, "मॅडम, इंग्रजीत काही अडलं तर फोन केला तर चालेल ना?" मी म्हटलं, कधीही कर.

तिनं शनिवारी दुपारी केला. पावसाळ्यातला शनिवार. लोणावळ्यात गाड्यांची रांग आमच्या गल्लीपर्यंत आलेली, घरात नणंदेची मंडळी आलेली, आणि सोमवारी सकाळी मला तक्ता द्यायचा होता. मी स्वयंपाकघरात एका हातानं भजी तळत, खांद्यावर फोन धरून बोलत होते.

"मॅडम, कच्चा माल म्हणून इथं तांबं, कथील, जस्त असं आहे. आमच्याकडे बहुतेक सगळी मोड असते. ती कुठल्या रकान्यात लिहू?"

"नवीन धातू किती घेता?"

"थोडं कथील. बाकी मोडच."

"मग सगळं तांब्यातच लिही. वेगळा रकाना नाहीये."

"खाली शेरा लिहू का? की हे जुनं आहे म्हणून?"

"नको नको, शेरा लिहिला की शीट चुकतं. राहू दे. वजन तेवढं बरोबर लिही."

"बरं," ती म्हणाली. मी फोन ठेवला आणि भजी उलटली. सगळं मिळून एक मिनिट झालं असेल.

रविवारी मी तक्ता पूर्ण केला. व्हॉल्व्हच्या पुरवठादारांपैकी बहुतेकांनी उत्तरच पाठवलं नव्हतं. त्यांच्या नावांपुढे मी छापील सरासरी टाकली. ती सरासरी बहुतांशी परदेशातल्या, विजेच्या भट्ट्यांच्या कारखान्यांची होती. आबांनी उत्तर दिलं होतं. म्हणून त्यांच्या नावापुढे नव्या तांब्याचा आकडा आला आणि त्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलेल्या डिझेलचा धूरही मिळवला गेला. गप्प बसले ते सगळे मधोमध राहिले. ज्यानं सांगितलं त्याचा आकडा सगळ्यात वर गेला.

आणि मग मी रंग दिले. कमी असेल तर हिरवा, मध्यम असेल तर पिवळा, जास्त असेल तर लाल. ते कुणी सांगितलं नव्हतं. वाचायला सोपं जावं म्हणून मीच केलं. तेही दर किलोमागे. सबंध जहाजात व्हॉल्व्ह आणि जोड यांचा वाटा इतका थोडा होता की ते सगळे मिळूनसुद्धा एकूण आकडा हलला नसता. खरा भार पोलादाचा होता. पण पोलाद किलोमागे पिवळं आलं आणि आबांचे व्हॉल्व्ह लाल.

बैठकीत पडद्यावर जहाजमालकाचा माणूस होता. तो म्हणाला, लाल रंगातले तीन पुरवठादार बदलता येतील का? पोलादाचा विषय काढायची कुणाची तयारी नव्हती, त्यात गोदीचे जुने संबंध होते. व्हॉल्व्हवाला बदलायला कागदावरची एक ओळ खोडायची होती.

"हे सोपं आहे, हे आधी करून टाकू," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. "चालेल ना गं?"

व्हॉल्व्हचा वाटा नगण्य आहे हे मी अहवालात आत कुठेतरी लिहिलं होतं. ते तोंडानं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण पडद्यावरचा माणूस माझ्या तक्त्याचं कौतुक करत होता, असा स्पष्ट तक्ता पहिल्यांदाच बघतोय म्हणाला होता. मी म्हटलं, "हो सर, चालेल."

मला टीम मिळाली. तीन माणसांची.

आबांना गोदीकडून कळलं तेव्हा त्यांनी मला फोन केला. चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, काय चुकलं वो आमचं?"

"चुकलं काही नाही आबा. वरून ठरलं."

"भट्टीमुळं का?"

"भट्टीमुळंच बहुतेक," मी म्हटलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. पण वरून ठरलं, हे खोटं होतं आणि ते मला बोलतानाही कळत होतं.

पुढे मला त्याची आठवणही राहिली नाही. कामं आली, गेली. आमच्या कामात एका जहाजाची यादी दुसऱ्या जहाजाला उचलून लावतात, वेळ वाचतो. त्या जहाजाची यादी त्याच्या दोन जुळ्या जहाजांना गेली, मग गोदीनंही तीच सोयीची म्हणून पुढे वापरली. हे सगळं मला नंतर समजलं.

दीड वर्षानं दुसऱ्या एका जहाजाचा अंदाज चालू होता. युरोपातल्या एका व्हॉल्व्हवाल्याचं पत्रक आलं, गुळगुळीत कागदाचं. त्यात लिहिलं होतं की आमचं तांबं जुन्या वस्तूंमधलं आहे, आणि त्यामुळे त्यांचा आकडा फारच खाली होता. माझ्या टीममधली मुलगी म्हणाली, "मॅडम, यांनी केवढं छान केलंय! यांच्यासाठी नवा रकाना करू या का?"

मला आबांच्या शेडमागचा ढीग आठवला. तिला काही न सांगता जुनी फाइल उघडली. आबांची ओळ काढली, तांब्याच्या जागी मोड धरली, डिझेल तसंच ठेवलं. त्यांचा आकडा अर्ध्याहूनही खाली आला. त्या यादीत तो सगळ्यात कमी होता. मी तीन वेळा तपासलं. मग फोनमधला तो हिरव्या ढिगाचा फोटो शोधला. होता अजून.

सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, ते वाईट गृहस्थ नाहीत. म्हणाले, "अगं, पहिल्या टप्प्याचा अंदाज म्हणजे अंदाजच असतो. जहाज आता पाण्यात उतरेल. यादी कोण उघडणार? तू एक टिपण लिहून फाइलला लाव. पुढच्या वेळी बघू."

"सर, गोदीला कळवू या का? निदान त्यांची यादी..."

"आपण त्यांना काय सांगायचं, की आपला तक्ता चुकला? मालकाला कळलं तर?"

मी टिपण लिहिलं. फाइलला लावलं. गोदीतल्या ओळखीच्या एका माणसाला फोनही केला. तो बघतो म्हणाला.

त्यानंतर दोन आठवडे मी रोज ठरवत होते आणि रोज टाळत होते. शेवटी एका बुधवारी ऑफिसला जाते म्हणून लोकलऐवजी गाडीनं निघाले आणि ती वडगावमार्गे नवलाख उंबऱ्याकडे घातली.

शेड अर्धी राहिली होती. मधे नवी भिंत घातली होती आणि पलीकडच्या भागात कुणाचे तरी पुठ्ठ्याचे खोके छतापर्यंत रचलेले. या बाजूला एकच भट्टी, तीही थंड. आबा खुर्चीवर बसून पाण्याच्या मोटारीचं बुश कानशीनं घासत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"या या. हितं बसा, तितं ऊन हाय."

मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. मोड, फॉर्म, शनिवारचा फोन, माझे रंग, बैठक. वरून ठरलं हे खोटं होतं हेही सांगितलं. कानस आबांच्या हातात तशीच राहिली होती.

"म्हंजी भट्टीमुळं न्हाई गेलं," ते सावकाश म्हणाले.

"नाही. भट्टी धरूनसुद्धा तुमचंच सगळ्यात चांगलं होतं."

"आन् पोरीनं तुमास्नी इचारलं व्हतं? मोड कुटं लिवायची म्हून?"

"विचारलं होतं. शेरा लिहू का, असंही म्हणाली होती. मी नको म्हटलं."

आबांनी मान फिरवली. दारात त्यांची सून उभी होती. ती कधी आली मला कळलं नव्हतं. अंगावर कंपनीचा निळा गणवेश, गळ्यात ओळखपत्र.

"मी तेव्हाच सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी विचारलं होतं, मॅडम नको म्हणाल्या, असं दहादा सांगितलं होतं. कुणाला खरं वाटलं नाही."

मग मला एकेक गोष्ट समजत गेली. ऑर्डर गेल्यावर घरात सगळ्यांचं बोट तिच्याकडे गेलं होतं. इंग्रजी फॉर्म तिनं चुकीचा भरला, म्हणून काम गेलं. नवरा बोलला, सासू बोलली, आबाही बोलले. टेबलावरचा कॉम्प्युटर बंद झाला. पत्रव्यवहार कुणा भाच्याकडे गेला, त्यानं तो केलाच नाही. उरलेली कामंही तशीच सुटत गेली. तिनं दोन महिन्यांत शेजारच्या कारखान्यात नोकरी धरली.

मी आले होते आबांची माफी मागायला. ही मुलगी या गोष्टीत आहे हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. एवढ्या दिवसांत मी आकडा पुन्हा पुन्हा तपासला, तिचा विचार एकदाही केला नाही.

"आबा, मी लेखी देते," मी म्हटलं. "माझ्या सहीनं. घरात सगळ्यांना दाखवता येईल."

"कागुद नगं आता," आबा म्हणाले. त्यांनी सुनेकडे बघितलं. मग ते उठले, भट्टीमागे गेले, आणि बराच वेळ तिकडून परत आले नाहीत. पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज येत होता.

तिची कामावर जायची वेळ झाली होती. कंपनीची बस चुकली असती म्हणून मी सोडते म्हटलं. ती आधी नको म्हणाली, मग बसली.

गाडीत मी तिची माफी मागितली. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही आलात ते बरं केलंत. निदान आबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं."

"पुन्हा आबांचं काम बघशील का? मी गोदीशी बोलतेय. यादीत नाव परत आलं तर..."

"नाही मॅडम." तिनं जरा विचार करून सांगितलं. "कंपनीत मला आवडतं. मी डिस्पॅचला आहे. मी लिहिलेल्या कागदावर गाडी सुटते. कुणी म्हणत नाही, हिला विचारू नका."

फाटकाशी ती उतरली, ओळखपत्र सरळ केलं आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मागे वळून बघितलं नाही, आणि बघावं असं काही कारणही नव्हतं. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा मी गाडी हलवली.

गोदीच्या यादीत आबांचं नाव अजून आलेलं नाही. मी दर दोन-तीन महिन्यांनी विचारते, तो माणूस दर वेळी बघतो म्हणतो. आता अंदाज काढताना मी प्रत्येक लहान पुरवठादाराला स्वतः फोन करते आणि शेवटी विचारते, फॉर्ममध्ये न मावलेलं काही आहे का. माझ्या टीममधल्या मुलांना हे वेळखाऊ वाटतं. त्यांचंही बरोबर आहे.

तिला मी नंतर दोनदा फोन केला. पहिल्यांदा ती कामावर होती. दुसऱ्यांदा तिनं उचलला. बरी आहे म्हणाली, आबाही बरे आहेत म्हणाली, आता घरात तिला कुणी टाकून बोलत नाही म्हणाली. मी म्हटलं, कधी लोणावळ्याला आलीस तर घरी ये. ती हो म्हणाली. मग मी तिकडे पाऊस कसा आहे ते विचारलं, आणि तिनंच, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असेल, दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.